निशी म्हणजे पश्चिम

बस. पेढे तिकडे ठेव, टोकियोचे फोटोही नंतर. आधी मी बोलणार आणि तू ऐकणार.

त्या रात्री 9 वाजता तुझी आई माझ्या दारात उभी होती. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. ‘‘बाई, हरवलोय एवढंच म्हणाला आणि फोन बंद पडला.’’ जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे तुझ्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. हे गणित मी तिला सांगितलं नाही. पहाटे साडेपाचला तुझा फोन येईपर्यंत ती माऊली माझ्या ओट्यावर बसून होती. आणि तू गावभर सांगत सुटलायस, ‘‘भारी ॲडव्हेंचर झालं!’’

भूगोल शिकवलाय मी तुला. हॉटेल कुठे होतं तुझं? निशी-शिंजुकु. निशी म्हणजे पश्चिम. हिगाशी पूर्व, किता उत्तर, मिनामी दक्षिण. चार शब्द, विमानात पाठ झाले असते. पत्त्यातच दिशा लिहिलेली, आणि तू बाहेर पडलास पूर्वेच्या दारातून! शिंजुकु म्हणजे काय आपला एसटी स्टँड वाटला? जगातलं सर्वांत गजबजलेलं स्थानक ते, दोनशेच्या वर दारं. तिथे ‘आधी बाहेर पडू, मग बघू’ म्हणणारा मग बघतच बसतो. बसलास ना दोन तास, काबुकिचोच्या झगमगाटात बॅग ओढत?

म्हणे रस्त्यांना नावंच नव्हती. बहुतेकांना नसतातच, बाळा. तिथला पत्ता रस्त्याचा नसतो. आधी विभाग, मग त्यातला चोमे, मग गटाचा क्रमांक, मग इमारतीचा. इमारतींचे क्रमांकही कित्येकदा ज्या क्रमाने त्या बांधल्या त्या क्रमाने. चारच्या शेजारी पाच सापडेलच असं नाही. तिथे जन्मलेली माणसंसुद्धा चुकतात. म्हणून तर जागोजागी कोबान असतात, पोलिसांच्या छोट्या चौक्या. नकाशा काढून वाट दाखवणं हे त्यांचं रोजचं काम. तू ज्या दारातून बाहेर आलास त्या दाराजवळच एक आहे. तिच्यासमोरून गेलास आणि विचारलं नाहीस. का? ‘‘भाषा येत नव्हती.’’ हॉटेलचं नाव उच्चारायला आणि चेहरा पाडायला कुठली भाषा लागते रे?

भाषेला मध्ये आणू नकोस. शाळेत मराठीतच शिकवत होते ना मी? तरी पाच वर्षांत तुझा हात एकदाही वर गेला नाही. कळलं का, विचारलं की मान हलवायचास, आणि पेपरात अक्षांशाच्या जागी रेखांश. तीच खोड टोकियोपर्यंत घेऊन गेलास. ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं नाहीस, पण ‘फ्रेंड, फ्रेंड’ करत आला त्या दलालाच्या मागे मात्र अर्धी गल्ली चाललास. अशांच्या मागे जाऊ नका म्हणून तिथे भोंग्यावरून बजावत असतात! शेवटी दुकान बंद करणाऱ्या एका म्हाताऱ्यानेच तुझं तोंड बघून तुला चौकीवर नेलं. पोलिसाने नकाशावर बोट ठेवलं, आणि मग काय, सरळ खोलीवर.

बरं, पोहोचलास. मग फोन सकाळी का? तिथे वीज 100 व्होल्टची, प्लगला दोन चपट्या पात्या. आपल्या गोल पिना तिथल्या सॉकेटात जात नाहीत. अडॅप्टर नेला नाहीस, ते एक वेळ सोडून देते. पण खाली काउंटरवर माणूस होता. ‘चार्जर आहे का?’ एवढं विचारायला मजला उतरावा लागला असता. तू झोपलास. इकडे तुझी आई जागी.

एकटा जायला माझी ना नाही. घरात काही अडलं तर आईला न सांगता कळतं, गावात अडलं तर कुणी ओळखीचा भेटतो. परक्या शहरात आपली अडचण आपल्याच तोंडाने सांगावी लागते. ते जमत नसेल तर ‘एकटा जीव सदाशिव’ असले स्टेटस टाकू नयेत.

वही काढ, लिही. हॉटेलचं नाव आणि पत्ता तिथल्या लिपीत, कागदावर, खिशात. कुठल्या दारातून बाहेर पडायचं ते. शेवटची गाडी कितीची. टोकियोत लोकल रात्रभर धावत नाहीत, आणि टॅक्सी रात्री 10 ते पहाटे 5 जादा भाडं लावते. पोलीस 110, रुग्णवाहिका 119. पासपोर्ट कायम अंगावर, तो तिथला कायदाच आहे. आणि आई कितीला झोपते, तेही लिही.

लिहिलंस? आता हात वर कर. पूर्ण, कोपर सरळ. मला एक प्रश्न विचार. कसलाही चालेल. तो आल्याशिवाय मी तुझ्या पेढ्याला हात लावायची नाही.