अंडे न देणारी कोंबडी

माझ्या लहानपणी आमच्या वाडीत साधा नियम होता. खुडूक बसलेल्या कोंबडीला पिल्ले काढू द्यायची, तळंगांना जपायचे आणि अंडी बंद झालेल्या कोंबडीचा रस्सा करायचा. नाताळ जवळ आला की आई खुराड्याकडे ज्या नजरेने बघायची, ती नजर कोंबड्यांनाही कळत असावी. यात कुणाला पाप वाटले नाही. मलाही आज वाटत नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे २०२२ चा डिसेंबर मी इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळ मुलीच्या घरी काढला. तिच्या परसात चार कोंबड्या होत्या. त्या वर्षी बर्ड फ्लूमुळे तेथील सरकारने ७ नोव्हेंबरपासून सर्व पाळीव पक्षी बंदिस्त ठेवण्याचा हुकूम काढला होता. दोन-चार कोंबड्या पाळणाऱ्यांनाही तो लागू होता. शिवाय पाऊस. आपला पाऊस कोसळतो आणि मोकळा होतो. तिथला थंडी घेऊन दिवसभर झिरपत राहतो.

नुसत्या थंडीला कोंबडी सहसा हार जात नाही, हे मला तिथे कळले. पिसे फुलवून, पाय पोटाखाली घेऊन ती रात्र काढते. तिचा खरा वैरी म्हणजे ओल. बिचाऱ्यांना वारा लागू नये म्हणून मी आपल्या शहाणपणाने खुराड्याची वरची झडप कापडाने बुजवली. सकाळी आतल्या फळ्यांना घाम फुटलेला आणि विष्ठेच्या वासाने डोळे चुरचुरत होते. श्वासाची वाफ बाहेर जायला वाट हवी, नाहीतर ओल्या हवेत कडाक्याच्या थंडीने तुरा काळा पडतो. माया होती, पण अडाणी होती. मग रोज सकाळी सातला, अंधारात टॉर्च घेऊन ओला भुसा काढून कोरडा घालण्याचे काम मी मागून घेतले.

आणि अंडी? एकही नाही. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम साडेसात तासांचा, आणि नियमित अंडी द्यायला कोंबडीला सुमारे १४ तास उजेड लागतो. जावई म्हणाले, “पप्पा, खुराड्यात एक बल्ब लावला की काम होईल.” मला पटले. दाणा काय फुकट येतो? मुलगी मात्र ऐकेना. “पप्पा, ऑक्टोबरात त्यांनी पिसे गाळली, आता कुठे नवी आलीत. एका कवचाला दोन ग्रॅम कॅल्शियम लागते, त्यातले काही त्यांच्या हाडांतून जाते. फेब्रुवारीपर्यंत राहू द्या ना त्यांना.”

मी म्हटले, “बाय, कोंबडीला कसली रजा?”

बोलून गेलो, पण ते मलाच टोचत राहिले. माझे वडील शेवटची तीन वर्षे खाटेवर होते. घरात कुणी वावगे बोलले नाही, पण मनात हिशेब चालत होता, हे मला ठाऊक आहे. माणूस आणि कोंबडी एक नव्हेत. हिशेब करणारे मन मात्र तेच असते.

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातला २४१८ वा परिच्छेद आपल्याला दोन्ही बाजूंनी पकडतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि माणसांच्या दुःखनिवारणावर आधी खर्च व्हायला हवा तो पैसा प्राण्यांवर घालणेही शोभत नाही. चारांतली एक आजारी पडली तेव्हा पशुवैद्याचे बिल कोंबडीच्या किमतीच्या कितीतरी पट आले. त्यावरून मी मुलीला बोललो. तिच्याकडे उत्तर नव्हते आणि त्या बिलाच्या बाजूने मी आजही नाही. बल्बच्या बाबतीत मात्र तिचे बरोबर होते, असे आता वाटते. आईने कोंबडी कापली, पण कापेपर्यंत तिला कोंबडीसारखे जगू दिले.

जानेवारीत परतलो. आमच्या वाडीत आता इमारत आहे, खुराडे नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात बारा महिने अंडी मिळतात. आपल्या देशातली बहुतेक अंडी अरुंद पिंजऱ्यांतल्या, रात्री दिव्याखाली जागणाऱ्या कोंबड्यांची असतात. मी दुकानदाराला विचारले, “ही कुठून येतात?”

“टेम्पोतून, अंकल.”

मी सहा घेतली.