अवधान

१९९८ साली आष्ट्याच्या आमच्या घरी मोडेम आला. त्याला सांगण्याच्या जवळजवळ साऱ्या आज्ञा 'एटी' या अक्षरांनी सुरू होत. 'एटी' म्हणजे 'अटेन्शन', लक्ष द्या. अमेरिकेतील डेनिस हेज यांच्या कंपनीने १९८१ मध्ये ही रीत पाडली. पुढे 'डीटी' लिहून क्रमांक दिला, की मोडेम स्वरांनी तो फिरवी. 'डीपी' लिहिले, तर जुन्या तबकडीसारखा टकटक करी. स्वल्पविराम दिसला, की दोन सेकंद थांबे. ज्ञानेश्वरांनीही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी अवधानच मागितले आहे, याची मला तेव्हा गंमत वाटे.

मात्र संपर्क एकदा जुळला, की लिहिलेले प्रत्येक अक्षर मोडेम पलीकडे पोचवतो. 'एटीएच', म्हणजे फोन ठेव, असे लिहिले तरी तेही निमूटपणे पुढे धाडतो. ते आपल्यासाठी आहे, हे त्याला उमगत नाही. त्याला भानावर आणायचे, तर सेकंदभर स्तब्ध राहायचे, अधिकाची तीन चिन्हे द्यायची आणि पुन्हा सेकंदभर स्तब्ध राहायचे. मग तो 'ओके' म्हणतो.

एका संध्याकाळी मी असाच बसलो होतो. वडील दारात क्षणभर थांबले, मला नावाने हाक मारली आणि म्हणाले, "फोन मोकळा कर. ताईचा यायचाय." मी "हो, हो" म्हटले आणि लिहीत राहिलो. तासाभराने उठलो, तेव्हा ते फोनजवळ खुर्ची ओढून बसले होते. त्या रात्री फोन आलाच नाही. पुण्याच्या एका एस.टी.डी. बूथवरून ताईने चारदा लावला होता. दर वेळी एंगेज. दुसऱ्या दिवशी तिची शस्त्रक्रिया होती. जाण्यापूर्वी वडिलांशी बोलावे, एवढेच तिला हवे होते. ती सुखरूप घरी आली. पण ती रात्र वडिलांनी कशी काढली, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता ते नाहीत.

न ऐकता दिलेला होकार खोटा म्हणावा की नाही? मला फसवायचे नव्हते, हे खरे. पण मोडेमदेखील आज्ञा पोचल्यावाचून 'ओके' म्हणत नाही. यंत्राच्या बाबतीत लक्ष वेधून घेण्याचा भार बोलणाऱ्यावर असतो, आणि ते योग्यच आहे. यंत्राला दुसरा उपाय नाही. माणसाचे तसे नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा त्याला दिसतो. वडील थांबले होते, त्यांनी हाकही मारली होती. त्यांच्याकडून काहीच राहिले नव्हते. मी मान तेवढी वळवायला हवी होती.