फ्रीमेसन बंधुत्व आणि आपले बंधुत्व



वणीहून नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या एका तरुणाने सुट्टीत आल्यावर आम्हाला विचारले, “साहेब मला फ्रीमेसन व्हा म्हणतात. माणसे चांगली आहेत, दानधर्म करतात, ओळखी वाढतात. मग आपली ख्रिस्तसभा नको का म्हणते?” प्रश्न प्रामाणिक आहे. ‘नको म्हणजे नको’ एवढे उत्तर त्याला पुरणार नाही.

मध्ययुगात युरोपातील महामंदिरे बांधणाऱ्या गवंडी-पाथरवटांचे संघ असत. त्यांचा गुण्या, कंपास, ओळंबा ही हत्यारे पुढे सदाचरणाची प्रतीके झाली आणि कधी वीट न रचलेले लोकही या मंडळींत आले. २४ जून १७१७ रोजी, संत योहान बाप्तिस्ताच्या सणाला, लंडनमधील चार लॉजनी मिळून ग्रँड लॉज स्थापन केले असे ते मानतात. संगीतकार मोझार्ट आणि अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन फ्रीमेसन होते. आपल्या देशात कोलकात्याला १७३० साली लॉज निघाले. मुंबईत मात्र हिंदी माणसाला आत प्रवेश नव्हता. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनाही दार बंद होते. अखेर १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढले. पुढे सर फिरोजशहा मेहता फ्रीमेसन झाले. कोलकात्यात १८८४ साली तरुण नरेंद्रनाथ, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, सभासद झाले. १९६१ पासून भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज आहे.

या लोकांविषयी खोटेनाटे बोलणे हेही पाप आहे. फ्रान्समध्ये लिओ टॅक्सिल नावाच्या लेखकाने फ्रीमेसन सैतानाची पूजा करतात अशा कथा लिहिल्या. अनेक कॅथलिकांनी त्या खऱ्या मानल्या. १८९७ साली त्याने भर सभेत सांगितले की सर्व काही आपण रचले होते. आपल्याकडेही लोक लॉजला ‘जादूघर’ म्हणत. अशा गप्पांवर आपली श्रद्धा उभी नाही.

तरीही ख्रिस्तसभेचा नकार कायम आहे. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३८ मध्ये प्रथम मनाई केली, पोप तेरावे लिओ यांनी १८८४ मध्ये तिची कारणे विस्ताराने मांडली. १९८३ च्या नव्या धर्मविधीसंहितेत फ्रीमेसनांचे नाव नाही, म्हणून बंदी उठली असे काहींना वाटले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला रोमने स्पष्ट केले की सभासद होणारा कॅथलिक गंभीर पापाच्या अवस्थेत असतो व त्याने ख्रिस्तशरीर स्वीकारू नये. २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगण्यात आले.

का? एक कारण श्रद्धेचे. लॉजमध्ये देवाला ‘विश्वाचा महान शिल्पकार’ म्हणतात. तो कोण हे ज्याने त्याने ठरवावे. शेजाऱ्याच्या धर्माचा मान आपणही राखतो. पण ख्रिस्त हा अनेक मतांपैकी एक, बाहेर ठेवून आत येण्याजोगा, असे आपण मानू शकत नाही.

दुसरे कारण शपथेचे. तो तरुण म्हणाला, “पापनिवेदनही गुप्तच असते ना?” होय; पण तेथे तोंड बंद ठेवण्याचे बंधन धर्मगुरूवर आहे, पाप सांगणाऱ्यावर नाही. ते गुपित दुबळ्याला सांभाळते. आणि ख्रिस्तसभा काय शिकवते ते पहिल्या दिवसापासून सर्वांना उघड आहे. लॉजमध्ये मात्र काय सांगितले जाणार हे कळण्याआधीच गुप्ततेचे वचन द्यावे लागते. न पाहिलेल्या गोष्टीला आपला विवेक गहाण कसा टाकावा? प्रमुख याजकापुढे उभे असताना प्रभूने सांगितले होते की त्याने सर्व काही उघडपणे शिकवले (योहान १८:२०).

पण बंधुभगिनींनो, नकार देऊन आपण मोकळे होत नाही. त्या तरुणाने शेवटी जे सांगितले ते आम्हाला अजून टोचते: “शहरात दोन वर्षे मिस्साला जातो, माझे नाव कोणी विचारले नाही. साहेबांनी मात्र घरी जेवायला बोलावले.”

लॉजचे दार निवडक पुरुषांनाच उघडते. आपले दार सर्वांना उघडे आहे असे आपण म्हणतो. पण आत आल्यावर काय? द्राक्षबागेच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून आलेला मजूर शेवटच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद होताच निघून जातो. आपण त्याला ओळखतो का? ज्या बंधुत्वाला शपथ लागत नाही, ते एकाच भाकरीवर उभे आहे. त्या भाकरीत वाटेकरी होऊन आपण परके राहिलो, तर आपल्या मुलांनी दुसरे दार का शोधले, हे विचारण्याचा आपल्याला काय अधिकार?

आज मिस्सानंतर लगेच चपला घालू नका. ज्याचे नाव ठाऊक नाही अशा एकाला तरी नाव विचारा.