दारातला मार्क

कोट्यातला डॉक्टर पेशंट मारतो, हे वाक्य तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. एस्टीत, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत. बोलणारा दरवेळी वाईटच असतो असं नाही. त्याला मनापासून वाटतं, की एका दुपारी तीन तासांत मिळालेले मार्क म्हणजे माणसाच्या आतला गुण. एकदा मोजला, संपलं. परीक्षेचं नावही कसं, ‘नीट’! म्हणजे बाकीचे सगळे वाकडे.

तर दारातला मार्क आतल्या डॉक्टरबद्दल काय सांगतो, ते बघू.

राखीव जागा दारापाशी संपते. एमबीबीएस पास व्हायला सगळ्यांना तेच पन्नास टक्के लागतात. यावर कुणी बोलत नाही.

अमेरिकेत १९७९ साली एक गंमत झाली. टेक्सासच्या विधिमंडळानं ह्यूस्टनच्या मेडिकल कॉलेजला ऐनवेळी हुकूम सोडला, आणखी ५० विद्यार्थी घ्या. निवडलेले १५० आधीच ठरले होते. उरले होते नाकारलेले. तेच घेतले. पुढं शिक्षण सोडण्याचं प्रमाण, वॉर्डातलं काम, पास झाल्यावरचं पहिलं वर्ष, कशातच दोन्ही गटांत फरक सापडेना. १९८७ साली हे रीतसर छापून आलं. आता कुणी म्हणेल, तिथं मुलाखतीत खाली ढकललेले होते, मार्कांत नव्हे. बऱ्याच अंशी खरंय. मग कॅलिफोर्नियातलं डेव्हिस घ्या. गोऱ्या बाकीनं राखीव जागांविरुद्ध खटला भरला, १९७८ साली निकाल लागला, तेच कॉलेज. तिथं कमी मार्कांवर खास विचार करून घेतलेल्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांचा हिशेब १९९७ साली मांडला गेला. सुरुवातीच्या परीक्षांत ही पोरं मागे होती, हे लपवायचं कारण नाही. पण त्यांतली ९४ टक्के डॉक्टर झाली, बाकीच्यांपेक्षा जेमतेम तीन-चार टक्के कमी. आणि पुढं हॉस्पिटलात काम करताना त्यांच्या वरिष्ठांना फरक दिसला नाही.

म्हणजे मार्क खोटा नाही. तो कुठून सुटलात ते सांगतो, कुठवर जाल ते नाही. क्लासची लाखाची फी भरून आलेला आणि समाजमंदिराच्या दिव्याखाली बसून आलेला, दोघांचा आकडा एकाच कागदावर एकाखाली एक लागतो. मधलं अंतर त्या कागदावर मावत नाही.

आणि आत गेल्यावर? दिल्लीच्या एम्सबद्दल थोरात समितीनं २००७ साली अहवाल दिला. दलित-आदिवासी पोरं वसतिगृहात एका बाजूला गोळा झालेली, मेसमध्ये, खेळात बाजूला पडलेली. तोंडी परीक्षेत आडून जात विचारतात, हे पोरांनीच सांगितलं. अशा ठिकाणी एखादा नापास झाला तर तो कुणाचा निकाल? प्रवेशाच्या मार्कांचा, की त्या मेसचा? अभ्यास करणारेही हे दोन हिशेब एकत्र करतात आणि आकडा पोराच्या नावावर टाकतात.

मेरिटवाल्यांचा देव तसा सोयीचा आहे. २०२३ साली पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा सरकारनं पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली. सगळ्यांसाठी. उणे मार्कवालाही पात्र! तेव्हा पेशंट मरतील म्हणून किती मोर्चे निघाले? लाखालाखांची फी भरली की मार्क बाटत नाही, असं दिसतंय.

मुळात ती जागा कुणाची, हे कुणी विचारतच नाही. जास्त मार्कवाल्याचं ते बक्षीस आहे काय? कॉलेज उभं राहिलं ते उपचारासाठी, म्हणजे जागेवर पहिला हक्क पेशंटचा. सरकारी दवाखान्यात बाकड्यावर बसलेली म्हातारी म्हणते, “बाबा, जिवात जीव न्हाई, पोटात नुसतं कालवतंय.” ते ऐकून नेमकं काय विचारायचं, हे ज्याला उमगतं त्याच्यासाठी त्या तीन तासांच्या पेपरात किती मार्क ठेवलेत?