झीज

आमच्या घरात एक पितळी पातेले आहे. काठावर देणाऱ्याचे नाव आणि १९५३ हे साल ठोकून घातलेले. आजीच्या लग्नातला आहेर. इतक्या वर्षांत त्याला एकच पोचा पडला, तोही माझ्या हातून. या पातेल्याचा मला फार अभिमान. वर्गात मुलांनी वह्यांची पाने फाडली, की मी त्याची गोष्ट सांगतो. माझ्या एका कादंबरीत तर त्याच्यावर दोन पाने खर्ची घातली आहेत. जुन्या पिढीची काटकसर, वस्तूंवरची माया, वगैरे. वाचकांना ती पाने आवडली होती. पातेले घासत कोण होते, याला मात्र त्या दोन पानांत जागा मिळाली नव्हती.

२०२३च्या पावसाळ्यात आई मोरीत घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. आमची मंडळी सकाळी सातच्या गाडीने नोकरीवर जाते. तेव्हा भांडी माझ्या वाट्याला आली.

नवशिक्याचा उत्साह दांडगा. तारेची घासणी आणि बाजारची पूड घेऊन मी पातेले आतून-बाहेरून असे लख्ख केले, की शेजाऱ्यांना बोलावून दाखवावे. आठ-दहा दिवसांनी आईने ते मला उजेडात धरायला लावले. आतल्या पांढऱ्या कल्हईतून जागोजाग पिवळे पितळ डोकावत होते.

"भांडं घासतोयस की सोलतोयस रे?" ती म्हणाली.

मी हसण्यावारी नेले. त्याच रात्री आमसुलाची आमटी पातेल्यात राहिली आणि सकाळी कळकलेली निघाली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आंबटाशी गाठ पडली की ती अन्नात उतरतात. हे मी मुलांना दर वर्षी शिकवतो. फळ्यावरचे ज्ञान मोरीपर्यंत पोचायला इतकी वर्षे लागली, त्याला इलाज नाही.

मग माझे शिक्षण सुरू झाले. चिंच आणि राख बाहेरून. आत मऊ फडके आणि कोमट पाणी. चुलीवर रांधायची तेव्हा आई बुडाला बाहेरून ओल्या राखेचा लेप देई. काजळी लेपावर बसे आणि धुताना दोन्ही निघून जात. रिकामे पातेले आचेवर ठेवायचे नाही. कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंशांना वितळते. आत पाणी आहे तोवर भीती नाही. कोरडे तापले की कल्हई पाघळलीच. बिडाच्या तव्याचे शास्त्र उलटे. तो कोरडा करून तेलाचा हात फिरवायचा, आणि वर धरलेला काळा थर खरवडायचा नाही. मी तोही खरवडून बसलो होतो.

आमच्या गावात कल्हईवाला येईनासा होऊन बरीच वर्षे झाली. पातेले घेऊन तालुक्याला गेलो. त्याने भात्याने कोळसे फुलवले, पातेले तापवले, नवसागराची पूड टाकली. पांढरा धूर उठला. कथलाची कांडी आत टेकवली आणि कापसाचा बोळा फिरवला, तसे आतले सारे अंग चांदीसारखे झाले.

"किती दिवस टिकेल?" मी विचारले.

"झिजायलाच लावतात ती, गुरुजी. ती झिजते, भांडं झिजत नाही."

परतताना एसटीत पातेले मांडीवर होते. आमच्या घरात ही कल्हई कोण, असा प्रश्न मनात आला. उपमा सुचल्याचा आधी आनंद झाला, ही लेखकाची खोड. मग त्या आनंदाचीच लाज वाटली. आईच्या बोटांना राखेने चिरा पडत. हिवाळ्यात ती त्यांत कोकमाचे तेल भरत बसे. लहानपणापासून मी हे पाहत आलो, आणि तिचे हातच तसे आहेत, असे धरून चाललो.

काटकसर हा सद्गुण खरा. पण ज्याने झीज सोसली त्याचा तो सद्गुण. मग मी वर्गात कुणाची पुण्याई मिरवत होतो? तुम्ही म्हणाल, आईने हे हौसेने केले. केलेच. हे मोडीत घाल आणि स्टीलचे आण, असे कुणी सुचवले असते तर तिने त्याला घराबाहेर काढले असते. पण तिने हौसेने केले म्हणून माझा हिशेब चुकता होतो का? मला वाटते, होत नाही. पुढ्यात दुसरे काहीच नसले की माणूस आहे त्याचीच हौस करायला शिकतो. तिचे तसे झाले का, हे तिलाच विचारायला हवे होते. अजून धीर झालेला नाही.

घरी आल्यावर मी म्हटले, आता हे फडताळात वर ठेवू या. आणखी शंभर वर्षे राहील.

"आणि भात कशात शिजवू? तुझ्या कादंबरीत?"

मनगट आता जुळले आहे, पण पिळताना जोर येत नाही. पातेले रोज वापरात आहे, घासतो मी. परवा तिने आतून बोट फिरवून पाहिले, काही बोलली नाही, आणि तांदूळ धुवायला घेतले.