भोपळा आणि तार



खुरपणी आटोपून पारावर टेकलेला आपला माणूस पुष्कळदा म्हणतो, "जग कुठं, अन् आपण कुठं! आपली धाव शेतापासून पंढरीपर्यंत. जगाच्या हिशेबात आपण म्हणजे भोपळा!" वरवर पाहता हे बोलणे नम्रतेचे वाटते. पण ते खरे आहे काय, एवढेच आज आपण पाहू.

आमचा मुलूख साताऱ्याकडचा. इकडे घरटी एक लेक पलटणीत. पूर्वी 'तार आली' एवढे शब्द कानी पडले, की बायामाणसांच्या पोटात गोळा येई. आमच्या जिल्ह्यातले अपशिंगे गाव सर्वांस ठाऊक आहे. १९१४ ते १९१८ च्या पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. भांडण युरोपातल्या राजसत्तांचे, आणि कुंकू पुसले गेले ते अपशिंग्यात! तेव्हा जग आपल्यापासून लांब होते असे कोण म्हणेल? ते न विचारता उंबऱ्यात येऊन उभे राहत होते. सरकारी तार २०१३ साली बंद झाली, पण गावाची जगाशी जडलेली तार काही तुटली नाही. ती तार दुःखाचीच असावी, की दुसरीही कसली असू शकते?

याचे उत्तर आम्हांस मिरजेत मिळाले.

झाले असे. प्रस्थान आठ दिवसांवर आले आणि आमच्या दिंडीच्या वीणेच्या भोपळ्याला तडा गेला. वीणेवाचून दिंडी कशी चालावी? ती फडक्यात गुंडाळून आम्ही मिरज गाठली. बरोबर दिंडीतला एक तरुण गडी होता. सतारमेकरांच्या गल्लीत एका दुकानासमोर आलो. आत एक वृद्ध मुसलमान कारागीर काम करीत बसलेले. आमचा गडी हळूच म्हणाला, "बुवा, पूजेची वीणा इथं ठेवायची का?" खोटे कशाला सांगावे, क्षणभर आमचेही पाऊल अडखळले.

तेवढ्यात ते म्हातारे उठले. हात धुतले, वीणा दोन्ही हातांनी घेतली आणि आधी कपाळाला लावली. मग तड्यावरून बोट फिरवीत म्हणाले, "महाराज, भोपळा मंगळवेढ्याकडचा दिसतोय. होईल बरा. परवा या."

मंगळवेढा! ते नाव ऐकले आणि आमची मान खाली गेली. ज्या चोखोबांना देवळाच्या आत पाऊल टाकू दिले नाही, त्यांच्यावर गावकुसाची भिंत कोसळली ती याच मंगळवेढ्यात. नामदेवराय त्यांच्या अस्थी शोधावयास गेले, तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी ओळख पटली, हे आपण कीर्तनात रडत रडत सांगतो. आणि इकडे वीणा कोणाच्या हाती द्यावी म्हणून अडखळतो! नामदेवरायांनी हाडांना जात विचारली नाही. त्यांनी फक्त कान लावला.

परवा गेलो, तेव्हा त्यांनी सारे दाखवले. हा भोपळा कडू. भाजीच्या कामाचा नाही. तो वेलीवर जून होतो, उन्हात वाळतो, मग आतला गर आणि बिया खरवडून काढतात. पार रिकामा झाला, की मगच त्याला नाद. दांडीला लाकूड तुणाचे. तारांत जर्मनीच्या पोलादाचा लौकिक मोठा. कोपऱ्यात एक तंबोरा गुंडाळून ठेवला होता. तो साता समुद्रापलीकडे कोणा गाणाऱ्याकडे निघालेला!

या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानी काळात हत्यारांची मागणी सरली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात तंबोऱ्याकडे वळवले. त्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडच्या मालाला आता ते नाव लावता येत नाही.

आता सांगा, भोपळा म्हणजे शून्य काय? मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याचा भोपळा, मिरजेच्या मुसलमानाचा हात, जर्मनीचे पोलाद, आणि त्यावर षड्ज लावणारा परमुलखातला गळा. यातला एक दुसऱ्याला ओळखत नाही, पण एकावाचून दुसऱ्याचा सूर लागत नाही. ज्याच्या वेलीवर भोपळा वाढला, त्याचे नाव त्या तंबोऱ्यावर कोणी लिहीत नाही. म्हणून त्याचा वाटा लहान होत नाही. आपण मात्र त्याला विसरतो, हा दोष आपला.

आपल्या पंथाला हे नवे नाही. नामदेवराय पंजाबात गेले, आणि त्यांची ६१ पदे आज शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. माउलींनी पसायदान मागितले ते आळंदीपुरते नव्हे, अवघ्या विश्वासाठी. ज्यांच्या गुरूने विश्व पदरात घेतले, त्यांनी 'जग कुठं अन् आम्ही कुठं' म्हणावे, हे शोभत नाही.

मात्र जगाशी जडायचे तर अट एकच, जी त्या भोपळ्याची. आतला गर काढावा लागतो. जातीचा, धर्माचा, 'आम्हीच शुद्ध' या ताठ्याचा गर आत भरलेला असेल, तर वरून कितीही तारा ताणा, नाद यायचा नाही.

त्या म्हाताऱ्यांनी मजुरी घेतली, ती रास्त घेतली. निघताना आमच्या तरुण गड्याने पुढे होऊन त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी लगेच वाकून त्याच्या पायाला हात लावला. आपल्या वारीतली रीतच ती! आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे उरलेच नव्हते.

वीणेकऱ्याच्या पाया पडताना तो वेल, तो हात आणि ती तार, तिघांचे स्मरण ठेवावे. अपशिंग्याच्या दारात आली तसली तार कोणाच्याच दारात न येवो, आणि मिरजेहून निघते तसली घरोघर पोहोचो, एवढेच विठुरायाच्या चरणी मागणे.

रामकृष्णहरी.