दुसरा गोळा मागून बघ

धारवाडच्या एका मराठी घरातली नात हुबळीच्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला लागली होती. रोज चिगरी बसने ये-जा करायची. कंपनीत लांब पल्ल्याच्या बसगाड्यांच्या सीट आरक्षणाचा कोड तिच्याकडे होता. एकाच वेळी अनेक थ्रेड त्यात प्रवाशांच्या मागण्या हाताळत. प्रत्येक भागाची तिने वेगळी टेस्ट लिहिली होती आणि सगळ्या पास होत होत्या. तरीही दिवाळीच्या गर्दीत एकच सीट दोघांना विकली गेली.

तिने टेस्ट शेकडो वेळा चालवल्या. मध्ये थोडा वेळ थांबवणारी ओळ घातली. चूक एकदा दिसली, मग दिसेनाच. "आता होणार नाही बहुतेक," असं म्हणत ती लॅपटॉप मिटू लागली, तेव्हा आजोबांनी विचारलं, "काय गं, कुठं अडलंय?"

आजोबांची सगळी नोकरी स्टेशनमास्तर म्हणून लोंढ्याकडच्या एकेरी मार्गावर झाली होती.

"आजोबा, एक थ्रेड बघतो की सीट रिकामी आहे. त्यानं नाव लिहायच्या आत दुसराही तेच बघतो. मग दोघंही लिहून मोकळे होतात. पण असं क्वचित घडतं हो."

"एकेरी मार्गावर क्वचितला जागा नसते, बाळ. आमच्याकडे नीलची टोकन यंत्रं होती. शेजारच्या दोन स्टेशनांवर एकेक, विजेनं जोडलेली. टोकन म्हणजे एक गोळा. एक गोळा बाहेर निघाला की तो दोन्हींपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा निघायचा नाही. आणि गोळा हाती नसेल तर ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही."

"म्हणजे आमचं लॉकच!"

"असेल. पण ते चालतंय हे कसं ओळखणार? दोन गाड्या एकदम यायची वाट बघणार? एक गोळा बाहेर काढून ठेवायचा आणि मुद्दाम दुसरा मागायचा. यंत्रानं नाही म्हटलं पाहिजे."

त्या रात्री तिने टेस्ट नव्याने लिहिली. पहिल्या थ्रेडने सीट रिकामी पाहिली की त्याला तिथेच रोखायचं, दुसऱ्याला आत सोडायचं, मग पहिल्याला मोकळं करायचं. आता सीट दर वेळी दोनदा विकली जाऊ लागली. तिला आनंद झाला, कारण चूक हाती आली होती. मग तिने सीट बघणं आणि नाव लिहिणं, दोन्ही एकाच लॉकखाली आणलं. दुसरा थ्रेड दारातच अडला. पहिला बाहेर पडल्यावर आत गेला, तर सीट भरलेली दिसली. टेस्ट पास झाली.

सकाळी तिने आजोबांना थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची हकिगत सांगितली. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना किरणांची भयंकर मात्रा दिली; त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलरच्या कर्करोग केंद्रात झालेल्या अपघातांमागचा दोष कंपनीच्या माणसांना सापडेना. शेवटी तिथल्या भौतिकतज्ज्ञाने ऑपरेटरला यंत्रापाशी बसवून अपघाताच्या वेळचीच बटणं, त्याच वेगाने, पुन्हा पुन्हा दाबायला लावली, तेव्हा तो उघडा पडला. भरलेल्या नोंदीतली दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत टाइप केली तरच तो उगवत होता. सावकाश टाइप करणाऱ्याला तो कधी दिसलाच नसता.

"त्यांनीही दुसरा गोळा मागून बघितला म्हणायचा," आजोबा म्हणाले.

तात्पर्य : क्वचित होणारी चूक हवी तेव्हा घडवता आली, तरच ती दुरुस्त झाली असं छातीठोकपणे म्हणता येतं.